धनत्रयोदशी : खरेदीचा दिवस की हिशेबाचा?

दिवाळी जवळ आली की तालुक्याच्या गावी सराफ बाजारात दिव्यांच्या माळा लागतात. वर्तमानपत्राचे पहिले पान सोन्याच्या जाहिरातीने भरून जाते. एस. टी. च्या थांब्यावर फलक लागतात आणि आता तर हातातल्या मोबाईलवरही दिवसातून दहा वेळा तोच निरोप येतो : धनत्रयोदशीला सोने घ्या, लक्ष्मी घरी येईल.

आपल्या घरी त्याच सुमारास सोयाबीनचे किंवा कापसाच्या पहिल्या वेचणीचे पैसे हातात आलेले असतात. मुलांचे कपडे व्हायचे असतात, दुकानदाराची उधारी असते, सोसायटीचे देणे असते, हरभऱ्याचे बियाणे आणायचे असते. अशा वेळी घरच्या लक्ष्मीच्या मनात येते की निदान एक मणी तरी आज घ्यावा. कारभाऱ्यालाही वाटते की नाही घेतला तर वर्षभर बरकत राहणार नाही की काय.

वाचक बंधू-भगिनींनो, ही शंका मनात येते म्हणूनच हा दिवस मुळात कशाचा आहे, त्या दिवशी आपल्या वाडवडिलांनी काय करायला सांगितले आणि खरेदीची प्रथा त्यात कुठून आली, हे एकदा नीट समजून घेऊ. मग घ्यायचे की नाही हे तुमचे तुम्हीच ठरवा.

तिथी एक, नावे दोन

आपल्या पंचांगाप्रमाणे आश्विन वद्य त्रयोदशी म्हणजे धनत्रयोदशी. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिकडे याच दिवसाला कार्तिक कृष्ण त्रयोदशी म्हणतात. दिवस मात्र एकच. तेरस म्हणजे त्रयोदशी, म्हणून हिंदी आणि गुजराती बोलणारे लोक त्याला धनतेरस म्हणतात. हल्ली आपल्याकडेही जाहिरातींमुळे तोच शब्द रुळला आहे.

आदल्या दिवशी वसुबारस असते. त्या दिवशी आपण सवत्स धेनूची, म्हणजे वासरासह गाईची पूजा करतो. दिवाळीचा पहिला दिवा गोठ्यात लागतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या काळात बँका नव्हत्या त्या काळात कुणब्याचे धन दावणीला आणि कणगीत होते. त्या धनाची पूजा आधी झाली, की मग त्रयोदशी उजाडते.

धन्वंतरी आणि धने-गूळ

पुराणातली कथा अशी, की देव-दानवांनी समुद्र घुसळला तेव्हा चौदा रत्ने निघाली. त्यांत हाती अमृताचा कलश घेऊन धन्वंतरी प्रकट झाला. तो देवांचा वैद्य. ही घटना या तिथीला घडली असे मानतात. म्हणून वैद्य मंडळी या दिवशी धन्वंतरीची जयंती करतात. कडुनिंबाची पाने आणि साखर असा प्रसाद वाटण्याची त्यांची जुनी रीत आहे. केंद्र सरकारनेही २०१६ पासून हा दिवस आयुर्वेद दिन म्हणून पाळला. २०२५ पासून तो दिन २३ सप्टेंबर या ठरावीक तारखेला नेला आहे.

आपल्या घरोघरी नैवेद्य असतो तो धने आणि गुळाचा. धने थोडे कुटायचे, त्यात गुळाचा खडा मिसळायचा, झाला नैवेद्य. उत्तरेकडे काही ठिकाणी या दिवशी धने विकत आणतात आणि पूजा झाली की त्यातले थोडे दाणे परसात पेरतात. ही वेळ कोथिंबीर आणि धने पेरण्याचीच असते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. नैवेद्याची मांडणीच पाहा. धने शेतातले, गूळ उसाचा. गरिबातल्या गरीब घरालाही हा सण पुरा करता यावा, अशी ही योजना आहे.

दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा

या दिवसाचा दुसरा विधी म्हणजे यमदीपदान. एरवी आपण दिव्याची वात दक्षिणेकडे करत नाही. वर्षातून या एकाच संध्याकाळी कणकेचा दिवा करून, त्यात तेल घालून, घराबाहेर दक्षिणेकडे तोंड करून ठेवतो. घरात अपमृत्यू होऊ नये, म्हणजे अकाली कोणी जाऊ नये, एवढेच मागणे त्यात असते. व्रते आणि सण कसे करावेत हे सांगणारा 'धर्मसिंधु' हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी लिहिला. त्यातही या तिथीला यमासाठी घराबाहेर दिवा लावण्यास सांगितले आहे.

या दिव्याची एक गोष्ट आजीच्या तोंडून तुम्ही ऐकली असेल. हिम नावाचा एक राजा होता. त्याच्या मुलाच्या पत्रिकेत होते की लग्नानंतर चौथ्या दिवशी याला साप चावेल आणि हा मरेल. लग्न झाले, चौथी रात्र आली. नवी सून हुशार होती. तिने घरातले सगळे दागिने, सोन्या-चांदीची नाणी बाहेर काढली आणि दाराशी त्यांचा ढीग रचला. चहूकडे दिवे लावले. नवऱ्याला झोप लागू नये म्हणून रात्रभर गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली. यम सापाच्या रूपाने आला. दिव्यांच्या उजेडात सोने झळकत होते, त्याने त्याचे डोळे दिपले. पुढे जाता येईना. ढिगावर बसून तो गाणी ऐकत राहिला आणि पहाट होताच निघून गेला.

या गोष्टीचा आधार घेऊन आज सोने विकले जाते. पण गोष्ट पुन्हा वाचा. त्यात कोणी दुकानात गेलेले नाही, कोणी उधार आणलेले नाही. घरात जे होते ते त्या पोरीने संकटाच्या रात्री बाहेर काढले आणि त्याच्या बळावर माणूस वाचविला. सोने कशासाठी ठेवायचे, याचे एवढे सोपे उत्तर दुसरे नाही. ते अडल्या वेळेसाठी ठेवायचे. कर्ज काढून सोने घेणे म्हणजे ती वेळ आपल्या हाताने ओढवून घेणे होय.

मग खरेदी आली कुठून?

कलश हाती घेऊन धन्वंतरी आला, म्हणून या दिवशी नवे भांडे घ्यावे, अशी प्रथा उत्तरेकडे पडली. तांब्या-पितळेचे एखादे भांडे, ऐपत असेल तर चांदीचे. दुसरी वाट व्यापाऱ्यांची. गुजराती व्यापाऱ्यांचे विक्रम संवताचे नवे वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होते. त्याआधी जुने हिशेब पुरे करायचे, नव्या वह्या आणायच्या, तिजोरी पुसून तिची पूजा करायची आणि अमावास्येला वह्यांची पूजा मांडायची, हा त्यांचा शिरस्ता. म्हणजे व्यापाऱ्याच्या लेखी सुद्धा हे दिवस येणे-देणे तपासण्याचे होते. त्यांच्याबरोबर ही रीत आपल्या बाजारपेठांतही रुजली.

आपल्या मराठी मुलखात शुभ खरेदीचे दिवस म्हणजे साडेतीन मुहूर्त. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे तीन पूर्ण, आणि दिवाळीतला बलिप्रतिपदेचा पाडवा हा अर्धा. नीट मोजून पाहा, धनत्रयोदशी यात नाही. जोडीला गुरुपुष्यामृत योग असे. आणि दसऱ्याला आपण एकमेकांना सोने देतो ते तर आपट्याचे पान असते.

कायद्याचाही यात भाग आहे. १९६३ साली सरकारने सुवर्णनियंत्रण आणले. देशात सोन्याच्या खाणी थोड्या, बहुतेक सोने परदेशी चलन देऊन आणावे लागे. म्हणून १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास त्या वेळी बंदी झाली. त्यात कितीतरी सोनारांचा धंदा बसला. पुढे ती अट काढली, पण १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्याने सोन्याच्या लगडी आणि चिपा सामान्य माणसाला घरात ठेवता येत नसत. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. त्यानंतर बाजार मोकळा झाला, मोठी दुकाने आली, घरोघरी दूरदर्शन संच आले आणि जाहिराती वाढल्या. धनत्रयोदशीला सोन्याच्या दुकानात रांग लावण्याची आजची पद्धत या मोकळ्या बाजारात वाढली आहे. पूजा फार जुनी आहे, ही रांग नवी आहे.

गावातली जुनी खरेदी

खेड्यात या दिवसांत खरेदी होत नव्हती असे नाही. होत होती, पण ती वेगळी होती. शिंदीच्या पानांची नवी केरसुणी घ्यायची, तिला लक्ष्मी म्हणायचे आणि अमावास्येला हळद-कुंकू वाहून तिची पूजा करायची. कुंभाराकडून पणत्या आणि बोळकी, पूजेला लाह्या आणि बत्तासे, आंघोळीला उटणे. या खरेदीचा पैसा गावात किंवा शेजारच्या बाजारात राहत होता. केरसुणी वळणाऱ्याची आणि कुंभाराची दिवाळी आपल्या दिवाळीवर अवलंबून होती. आजही या वस्तू मिळतात, आणि त्या घेतल्याने कोणाच्या घरी कर्ज झाल्याचे ऐकिवात नाही.

घाईत दोन्हीकडे तोटा

आता व्यवहाराचे बोलू. दिवाळीपूर्वी बाजार समितीत मालाची एकदम गर्दी होते, कारण प्रत्येकाला सणाला पैसा हवा असतो. गर्दी झाली की भाव पडतो. त्यातून सोयाबीन नीट वाळलेले नसते. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा साधारण १२ टक्के असते. त्याहून ओला माल असला की व्यापारी भाव पाडून मागतो. चार उन्हे दिली असती तर जो पैसा मिळाला असता तो घाईत गेला.

तोच कमी झालेला पैसा घेऊन आपण सोन्याच्या दुकानात गेलो, तर तिथे वर्षातली सर्वांत मोठी गर्दी. दागिना हातात घेऊन पाहायला, वजन तपासायला, बिल वाचायला उसंत नाही. सोन्याचा भाव जगाच्या बाजारावर आणि डॉलरच्या दरावर रोज ठरतो. तिथी पाहून तो उतरत नाही. जे सोने त्रयोदशीला घ्यायचे ते आठ दिवस आधी किंवा महिनाभराने घेतले तरी त्याचा कस तोच राहतो.

म्हणून आधी क्रम लावा. रब्बीचे बियाणे आणि खत, घरातले आजारपण आणि शाळेची फी, मग देणे. पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याजात सवलत मिळते आणि पुढच्या हंगामाचे कर्ज अडत नाही. एवढे भागून काही उरले, तर सोने जरूर घ्यावे. सोने घेणे वाईट नाही. शेतकऱ्याच्या घरात चार पैसे टिकवून धरणारी ती जुनी सोय आहे.

घ्यायचेच असेल तर

घेताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट हॉलमार्कची. भारतीय मानक ब्युरोने सोन्याच्या दागिन्यांसाठी ही खूण २००० साली सुरू केली. जून २०२१ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने ती सक्तीची होत गेली. दागिन्यावर तीन खुणा असतात : ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा, आणि अंक व अक्षरे मिळून सहा खुणांचा एक क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून सक्तीच्या जिल्ह्यांत हा क्रमांक नसलेला दागिना सराफाला विकता येत नाही. प्रत्येक दागिन्याचा क्रमांक वेगळा असतो. 'बीआयएस केअर' या ब्युरोच्या मोबाईल ॲपवर तो घालून पाहता येतो. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला बरोबर न्या आणि दुकानातच तपासायला सांगा. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूंना मात्र ही सक्ती नाही. मणी, चमकी घेताना म्हणूनच जास्त जपावे.

शुद्धतेच्या आकड्याचा अर्थ सोपा आहे. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने, हेच २२ कॅरट. ७५० म्हणजे १८ कॅरट आणि ५८५ म्हणजे १४ कॅरट. २२ कॅरटचा भाव देऊन १८ कॅरट पदरात पडणार नाही, हे पाहा.

दुसरी गोष्ट घडणावळीची. समजा १०० रुपयांचे सोने आहे आणि घडणावळ १२ टक्के. झाले ११२. त्यावर ३ टक्के जी. एस. टी., म्हणजे ११५ रुपये ३६ पैसे. उद्या अडचण आली आणि तोच दागिना मोडीत घातला, तर घडणावळ आणि कर परत मिळत नाही. उलट थोडी घट धरतात. म्हणजे घेतल्या दिवशीच १५ रुपये गेले. साध्या वळ्याला घडणावळ कमी आणि नक्षीच्या दागिन्याला जास्त. अडल्या वेळेसाठी घेत असाल तर नक्षीचा मोह टाळा. बँकेतून घेतलेले सोन्याचे नाणे बँक परत विकत घेत नाही, हेही माहीत असू द्या.

तिसरी गोष्ट वजनाची. खडे, मोती, लाख यांचे वजन सोन्यात धरू देऊ नका. बिलावर निव्वळ सोन्याचे वजन, कॅरट, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि हॉलमार्कचे शुल्क वेगवेगळे लिहून घ्या. बिल जपून ठेवा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आज बाजारात १० ग्रॅमला तोळा म्हणतात. वाडवडिलांच्या दागिन्याचे वजन सांगताना हा फरक विसरू नये.

अडल्या वेळी

सोने बाहेर काढण्याची वेळ कोणावरही येते. १९९१ साली आपल्या देशावर परकीय चलनाचा बिकट प्रसंग आला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवून पैसा उभा केला. देशाला जे करावे लागले ते घराला करावे लागले तर त्यात लाज कसली?

मात्र ते रीतसर करावे. गहाण टाकायचे तर बँकेत किंवा नोंदणी असलेल्या पतसंस्थेत टाका. सावकाराकडे जाणेच भाग पडले, तर २०१४ च्या कायद्याप्रमाणे त्याच्याकडे सावकारीचा परवाना असला पाहिजे. दागिन्यांचे वर्णन, वजन, कर्जाची रक्कम आणि व्याज लिहिलेली पावती हातात आल्याशिवाय दागिना सोडू नका. तोंडी बोलीवर डाग हातचा जातो.

आणखी एक गोष्ट, ही पुरुष मंडळींनी ऐकावी. माहेराहून आलेले आणि लग्नात अंगावर घातलेले सोने हे बाईचे स्त्रीधन असते. कायद्याने ते तिच्या मालकीचे आहे. गहाण टाकायचे किंवा मोडायचे तर तिला विचारून, तिची राजीखुशी असेल तरच. गोष्टीतल्या सुनेने ढीग रचला तो आपल्या बुद्धीने, कोणी तिच्याकडून हिसकावून घेतला नव्हता.

यमाचा दिवा आणि शेताची वाट

गोष्टीतला यम सापाच्या रूपाने येतो, हे शेतकऱ्याला पटण्यासारखे आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात साप चावून दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप मुख्य धोक्याचे. दिवाळीनंतर गहू-हरभऱ्याला रात्रीचे पाणी द्यायला आपण जातो. अंधारात, अनवाणी, दारे मोडायला.

म्हणून या धनत्रयोदशीला एक खरेदी मात्र जरूर करा. चांगल्या उजेडाची एक बॅटरी घ्या आणि पाणी देणाऱ्यासाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्या. मण्यार रात्री घरात शिरून झोपलेल्या माणसाला चावते, म्हणून जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी बाज किंवा निदान मच्छरदाणी असू द्या, आणि ती अंथरुणाखाली नीट खोचा. इतके करूनही साप चावलाच, तर घट्ट आवळून बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, चावलेला अवयव हलू देऊ नका आणि थेट सरकारी दवाखान्यात न्या. सर्पदंशावरचे औषध तिथे मिळते. जवळच्या कोणत्या दवाखान्यात ते ठेवलेले असते आणि रात्री कोणाची गाडी मिळेल, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

या त्रयोदशीला संध्याकाळी कणकेचा दिवा लावा. धने-गुळाचा नैवेद्य दाखवा. घरात जे काही आहे, मग ते चार मणी असोत, बँकेचे पुस्तक असो, सातबारा असो की सोसायटीची पावती, ते पाटावर मांडून त्याला हळद-कुंकू वाहा. मग सगळ्यांनी मिळून एक वही घ्या आणि सुगीत काय आले, कोणाचे किती देणे आहे, रब्बीला काय लागणार आहे, हे लिहून काढा. लेकीसुनांनाही त्यात बसवा. हिशेब जमल्यावर पैसा उरत असेल तर दिवाळीनंतर एखाद्या निवांत दिवशी, गर्दी ओसरल्यावर सराफाकडे जा. उरत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. सणाचे एकही अंग त्यामुळे उणे राहत नाही.

तुम्हां सर्वांची दिवाळी आनंदाची आणि आरोग्याची जावो. इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो!